आतड्याचा दाह : औषध सापडले, रोग्यापर्यंत पोहोचले नाही

आपल्या देशात आरोग्याच्या प्रश्नाची चर्चा निघते तेव्हा ती साथीच्या रोगांपासून सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. क्षय, हिवताप, अतिसार यांनी जेथे आजही माणसे मरतात तेथे असे होणे स्वाभाविक आहे. परंतु या चर्चेच्या कडेला आणखी एका प्रकारचे रोगी उभे असतात. त्यांचा रोग साथीने येत नाही, औषधाच्या एका मुदतीने जात नाही आणि बहुतेक वेळा लगेच मारतही नाही. तो वर्षानुवर्षे बरोबर राहतो. मोठ्या आतड्याचा व्रणशोथ, ज्याला डॉक्टर 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' म्हणतात, आणि त्याच कुळातील 'क्रोनचा रोग' हे असे दोन विकार आहेत. त्यांच्यावर औषधे आहेत, ती परिणामकारक आहेत आणि त्यांतील काही तर गेल्या शतकाच्या मध्यापासून वापरात आहेत. तरीही आपल्याकडील कष्टकरी रोगी रक्ताचे जुलाब सोसत राहतो. याचे मुख्य कारण वैद्यकशास्त्राच्या अपुरेपणात सापडणार नाही; ते औषधाच्या उत्पादनाच्या आणि वाटपाच्या व्यवस्थेत सापडेल.

रोगाचे स्वरूप

हे विकार कोणत्याही एका जंतूमुळे होत नाहीत. शरीराची प्रतिकारशक्ती आतड्याच्या अस्तरावरच चालून जाते आणि तो दाह आपोआप विझत नाही. व्रणशोथात मोठ्या आतड्याच्या आतल्या थरावर जखमा होतात. क्रोनच्या रोगात दाह आतड्याच्या भिंतीत खोलवर जातो आणि तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो. रोग बळावला की दिवसातून दहा-दहा वेळा शौचास जावे लागते, रक्त पडते, वजन उतरते, अंगातले रक्त कमी होते. तो बहुधा ऐन तारुण्यात, म्हणजे माणूस नुकता कामाला लागतो त्याच वयात सुरू होतो. मध्यंतरी तो शमतो, रोग्याला बरे झाल्यासारखे वाटते आणि काही महिन्यांनी तो पुन्हा उसळतो. दाह वर्षानुवर्षे चालू राहिला तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो.

पुष्कळ काळ हा पाश्चात्य, सुखवस्तू समाजांचा रोग मानला जात होता. या समजुतीला पंजाबातील एका पाहणीने धक्का दिला. लुधियानाच्या डॉक्टरांनी ५१,९१० लोकांची पाहणी केली आणि २००३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एक लाख लोकसंख्येत सुमारे ४४ जणांना मोठ्या आतड्याचा व्रणशोथ असल्याचे त्यांना आढळले. हे प्रमाण युरोपातील काही देशांपेक्षा कमी असेल. परंतु आपल्या लोकसंख्येने गुणले की रोग्यांची संख्या लाखांत जाते. त्यांतील कित्येकांच्या रोगाला नावही मिळालेले नसते. 'जुनी आव', 'संग्रहणी', 'मूळव्याध' अशा नावांखाली ते एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरत असतात.

१९६५ पासून ठाऊक असलेली गोष्ट

या रोगावरील औषधांचा इतिहास हा सार्वजनिक ज्ञानाचा इतिहास आहे आणि तो जाणून घेण्यासारखा आहे. स्वीडनच्या डॉक्टर नाना स्वार्ट्झ यांनी १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एका औषध कंपनीच्या साहाय्याने सल्फासॅलॅझिन हे औषध तयार करवून घेतले. हेतू संधिवाताचा होता. परंतु आतड्याच्या व्रणशोथाचे रोगी त्याने सुधारतात असे त्यांना दिसले आणि १९४२ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. पुढे १९५५ मध्ये ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी २१० रोग्यांवर कॉर्टिसोनची तुलनात्मक चाचणी घेतली. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रोग्यांचे दोन गट पाडून एकाला खरे औषध आणि दुसऱ्याला निरुपद्रवी बनावट गोळी देण्याची ही पद्धत पोटाच्या रोगांत तेव्हा नवीच होती. सहा आठवड्यांनी कॉर्टिसोन घेणाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांचा रोग शमला होता. दुसऱ्या गटात हे प्रमाण १६ टक्के होते. स्टेरॉईडांनी व्रणशोथाच्या तीव्र झटक्यातून माणसे वाचवता येतात हे त्यामुळे सिद्ध झाले.

परंतु झटका शमवणे वेगळे आणि तो पुन्हा येऊ न देणे वेगळे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर १९६५ मध्ये मिळाले. त्या वर्षी ब्रिटनमधील एकाच संशोधकगटाच्या दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. पहिलीत सल्फासॅलॅझिन रोज घेत राहिल्यास शमलेला रोग मोठ्या प्रमाणात शमलेलाच राहतो असे दिसले. दुसरीत प्रेडनिसोन या स्टेरॉईडची अल्प मात्रा रोज घेऊन तसा काहीही लाभ होत नाही असे दिसले. स्टेरॉईड आग विझवण्यासाठी आणि सल्फासॅलॅझिन आग पुन्हा लागू नये म्हणून, हा उपचाराचा पाया तेव्हापासून पक्का आहे.

सल्फासॅलॅझिन आतड्यात कसे काम करते हे उलगडण्यात आपल्या उपखंडाचा वाटा आहे. ही गोळी मोठ्या आतड्यात पोहोचली की तेथील जंतू तिचे दोन तुकडे करतात. यांतला गुणकारी तुकडा कोणता, हा प्रश्न होता. बांगलादेशाचे डॉक्टर ए. के. आझाद खान यांनी ऑक्सफर्डमध्ये असताना ट्रूलव्ह आणि पायरिस यांच्यासह रोग्यांना मूळ औषध आणि त्याचे दोन्ही तुकडे वेगवेगळे बस्तीवाटे देऊन पाहिले. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या साध्या आणि चोख प्रयोगाने निकाल दिला : अमिनोसॅलिसिलिक आम्लाचा तुकडा गुणकारी, आणि सल्फा वर्गातील तुकडा हा केवळ वाहक, बऱ्याचशा दुष्परिणामांचा धनी. त्यातूनच मेसॅलॅझिन हे सल्फाविरहित औषध पुढे आले. आज भारतात अनेक कंपन्या ते बनवतात. क्रोनच्या रोगात त्याचा उपयोग मर्यादित आहे. परंतु सौम्य आणि मध्यम व्रणशोथाच्या बहुसंख्य रोग्यांना रोज घेतलेले हे एक औषध पुरेसे ठरू शकते.

'रोज घेतलेले' या दोन शब्दांत सारा प्रश्न सामावला आहे. अमेरिकेत रोग शमलेल्या ९९ रोग्यांवर लक्ष ठेवून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की मेसॅलॅझिन नियमित न घेणाऱ्यांचा रोग उलटण्याचा धोका नियमित घेणाऱ्यांच्या पाचपटींहून अधिक होता. हा रोग औषधाकडे सातत्य मागतो. आपली व्यवस्था औषध विकते. सातत्य तिच्या दुकानात मिळत नाही.

स्वस्त गोळीची महाग किंमत

व्यवहारात काय घडते ते पाहा. रोग्याला पहिला झटका येतो. कर्ज काढून तपासण्या होतात, दुर्बिणीने आतडे पाहिले जाते, निदान होते. डॉक्टर काही आठवड्यांसाठी स्टेरॉईड आणि दीर्घकाळासाठी मेसॅलॅझिन लिहून देतात. दोन महिन्यांत रक्त थांबते. मेसॅलॅझिनच्या गोळ्या दिवसाला अनेक घ्याव्या लागतात आणि महिन्याचा खर्च रोजंदारीवरच्या घराला जाणवणारा असतो. पोट ठीक आहे, मग गोळ्या कशाला, असा विचार घरात होतो. आधी मात्रा अर्धी होते, नंतर बंद होते. काही महिन्यांनी रोग उसळतो. या वेळी रोगी थेट औषधाच्या दुकानात जातो आणि जुनी चिठ्ठी दाखवून मागच्या वेळी गुण आलेली ती छोटी, स्वस्त गोळी मागतो. प्रेडनिसोलोन त्याला मिळते आणि गुणही येतो. मग तीच त्याची कायमची गोळी होते.

जे औषध कायम घेऊ नये असे १९६५ मध्ये सिद्ध झाले तेच अशा रीतीने गरिबाचे कायमचे औषध बनते. तिची किंमत दुकानाच्या पावतीवर दिसत नाही. ती नंतर वसूल होते : हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते, डोळ्यांत मोतीबिंदू येतो, चेहरा सुजतो, जंतुसंसर्ग लवकर जडतो. शिवाय मनाने एकाएकी बंद केली तर जिवावर बेतू शकते, कारण शरीराचे स्वतःचे स्टेरॉईड बनवण्याचे काम तोवर मंदावलेले असते. रोग्याला 'अडाणी' किंवा 'बेशिस्त' म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ज्या घरात महिन्याच्या अखेरीस किराणा आणि औषध यांतून एकाची निवड करावी लागते, त्या घरात शिस्तीचा उपदेश हा उपचार होऊ शकत नाही.

स्टेरॉईडांतून सोडवणारे दुसरे जुने आणि तुलनेने स्वस्त औषध म्हणजे अझाथायोप्रिन. ज्या संशोधनासाठी गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळाले त्यातलेच हे एक फळ. त्याला गुण येण्यास दोन-तीन महिने लागतात आणि घेणाऱ्याच्या रक्ताची तपासणी वारंवार करावी लागते, कारण काहींच्या पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीने घटतात. येथेही एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. हा धोका कोणाला आहे हे ओळखणारी पहिली आनुवंशिक चाचणी युरोपीय रोग्यांच्या अभ्यासातून निघाली होती. आशियाई रोग्यांना ती पुरेशी नव्हती. त्यांच्यात महत्त्वाचा ठरणारा वेगळा जनुक कोरियन संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिला. औषध आयात करता येते, पण आपल्या माणसांवरचे संशोधन आयात करता येत नाही.

मक्तेदारीचे जाळे

मध्यम आणि तीव्र रोगासाठी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आलेली औषधे वेगळ्या जातीची आहेत. दाह भडकवणाऱ्या विशिष्ट प्रथिनाला अचूक गाठून निकामी करणारी ही प्रतिद्रव्ये जिवंत पेशींमध्ये तयार केली जातात. इन्फ्लिक्सिमॅबला अमेरिकेत १९९८ मध्ये क्रोनच्या रोगासाठी मान्यता मिळाली; अॅडॅलिमुमॅबला २००२ अखेर संधिवातासाठी आणि २००७ मध्ये क्रोनच्या रोगासाठी.

या साऱ्यांचे मूळ कोठे आहे? एकाच साच्याची प्रतिद्रव्ये हवी तेवढी बनवण्याची पद्धत जॉर्ज कोलर आणि सेझर मिलस्टाईन यांनी १९७५ मध्ये केंब्रिज येथील ब्रिटनच्या सरकारी वैद्यकीय संशोधन मंडळाच्या प्रयोगशाळेत शोधून काढली. मिलस्टाईन हे अर्जेंटिनाचे. १९६२ च्या लष्करी उठावानंतर तेथील शास्त्रज्ञांवर आलेल्या संकटात राजीनामा देऊन ते केंब्रिजला परतले होते. या शोधाचे पेटंट घेतले गेले नाही. जगातील कोणत्याही प्रयोगशाळेला ती पद्धत वापरता आली आणि म्हणूनच तिचा इतक्या वेगाने प्रसार झाला. १९८४ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. अॅडॅलिमुमॅब ज्या तंत्रातून निघाले त्याचा पायाही याच प्रयोगशाळेतील ग्रेगरी विंटर यांच्या कामाने घातला.

जनतेच्या पैशाने उभ्या राहिलेल्या या पायावर मक्तेदारीचा इमला कसा चढला हे अॅडॅलिमुमॅबच्या उदाहरणावरून समजते. 'हुमिरा' या नावाने ते विकणाऱ्या अॅबव्ही कंपनीने अमेरिकेत त्याच्यासंबंधी सुमारे अडीचशे पेटंट अर्ज केले आणि शंभराहून अधिक पेटंटे मिळवली. त्यांतील बहुतेक अर्ज औषध बाजारात आल्यानंतरचे होते. मुख्य पेटंट २०१६ मध्ये संपले. तरीही युरोपात २०१८ मध्ये सुरू झालेली स्पर्धा अमेरिकेत जानेवारी २०२३ पर्यंत रोखून धरली गेली. अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या एका समितीने २०२१ मध्ये केलेल्या चौकशीत असे दिसले की कंपनीने २००३ पासून २७ वेळा किंमत वाढवली आणि एका रोग्याचा वर्षाचा खर्च ७७,००० डॉलरांवर नेला. २०२२ या एका वर्षात या एका औषधाची जगभरातील विक्री २,१०० कोटी डॉलरांहून अधिक होती. संशोधनाचा खर्च भरून काढण्यासाठी किंमत ठेवावी लागते असे सांगितले जाते. बाजारात आल्यानंतर वीस वर्षे त्याच औषधाची किंमत चढतच राहते, तेव्हा कोणता खर्च भरून निघत असतो?

भारतात झायडस कॅडिला कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये, म्हणजे अमेरिकेच्या आठ वर्षे आधी, अॅडॅलिमुमॅबची समरूप आवृत्ती बाजारात आणली. तिची किंमत अमेरिकेतील किमतीच्या सुमारे एक पंचमांश होती. हे सामर्थ्य आकाशातून पडले नाही. पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना, सोव्हिएत साहाय्याने उभे राहिलेले आयडीपीएलचे प्रकल्प, आणि औषधाच्या पदार्थावर पेटंट नाकारून केवळ प्रक्रियेवर ते देणारा १९७० चा कायदा, यांतून देशी औषध उद्योगाची घडण झाली. २००५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या अटींपुढे तो कायदा बदलावा लागला, तेव्हा डाव्या पक्षांच्या दबावामुळे त्यात ३(ड) हे कलम आले. जुन्या औषधात गुणाची भर न घालता किरकोळ फेरफार करून पुन्हा मक्तेदारी मिळवण्याची वाट त्या कलमाने अडवली, आणि १ एप्रिल २०१३ च्या नोव्हार्टिस खटल्यातील निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ती अडवणूक उचलून धरली.

तथापि एक पंचमांश म्हणजेसुद्धा किती? २०१४ च्या त्या दराने, दर पंधरवड्याला एक याप्रमाणे, वर्षाच्या इंजेक्शनांचा खर्च तीन लाख रुपयांच्या घरात जात होता. पुढे अधिक उत्पादक आले आणि किंमत उतरली. पण शेतमजूर, कंत्राटी कामगार किंवा लहान शिक्षक यांच्या आवाक्यात ती आजही नाही. देशी भांडवलदार परदेशी मक्तेदारापेक्षा स्वस्त विकतो, म्हणून तो गरिबासाठी विकतो असे होत नाही.

समरूप औषधे कमी दर्जाची असतात असा प्रचार मूळ कंपन्यांकडून होत असतो. नॉर्वेने या प्रश्नाचा निकाल सरकारी खर्चाने लावून घेतला. इन्फ्लिक्सिमॅबवर स्थिर असलेल्या ४८२ रोग्यांपैकी निम्म्यांना समरूप औषध दिले गेले. वर्षभरात मूळ औषधावरील २६ टक्क्यांचा आणि समरूप औषधावरील ३० टक्क्यांचा रोग वाढला; आधीच ठरवलेल्या मर्यादेच्या आतला हा फरक होता. २०१७ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सरकारने मनात आणले तर कंपन्यांच्या जाहिरातींना शास्त्राने उत्तर देता येते, हा त्याचा अर्थ.

क्षयाच्या देशातील उपचार

परदेशातील उपचारपद्धती जशीच्या तशी येथे उचलता येत नाही, हेही तितकेच खरे आहे. ज्या प्रथिनाला ही इंजेक्शने निकामी करतात तेच प्रथिन शरीरात सुप्त असलेल्या क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवण्याचे काम करते. इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांत क्षय उफाळल्याची ७० प्रकरणे २००१ मध्येच नोंदली गेली होती. ज्या देशात सुप्त क्षय घराघरात आहे तेथे छातीची आणि क्षयाची तपासणी केल्याविना हे औषध देणे म्हणजे एक रोग दाबून दुसरा उठवणे होय. शिवाय आतड्याचा क्षय आणि क्रोनचा रोग दुर्बिणीतून जवळजवळ सारखेच दिसतात. क्षयाला क्रोन समजून स्टेरॉईड दिले तर क्षय पसरतो. क्रोनला क्षय समजून महिनोन् महिने क्षयाची औषधे दिली तर तोवर आतडे आकसते. हा भेद ओळखण्यासाठी अनुभवी डॉक्टर, ऊतींची तपासणी करणारी प्रयोगशाळा आणि रोग्याचा पाठपुरावा लागतो. या तिन्ही गोष्टी जिल्हा रुग्णालयात नसतील तर महागडे इंजेक्शन फुकट मिळूनही उपयोग नाही.

आपल्याकडील संशोधक हा विचार करू शकतात याचे एक उदाहरण लुधियानाचेच आहे. टोफासिटिनिब ही पोटात घ्यायची गोळी आता भारतीय कंपन्या बनवतात. तीव्र व्रणशोथाने रुग्णालयात दाखल झालेल्या १०४ रोग्यांना स्टेरॉईडांच्या जोडीला ती देऊन पाहण्यात आली. सातव्या दिवशी गोळी घेणाऱ्यांपैकी ८३ टक्क्यांना आणि बनावट गोळी घेणाऱ्यांपैकी ५९ टक्क्यांना उतार पडला. २०२४ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. या गोळीने रक्तात गुठळ्या होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने २०२१ मध्ये दिला आहे. तेव्हा ती दुकानातून मनाने घेण्याची वस्तू खासच नाही. परंतु शीतपेटीविना राहणारी, तोंडाने घेता येणारी गोळी आपल्या परिस्थितीत किती उपयोगी पडते हे आपल्याच रुग्णालयात तपासले गेले, ही दिशा योग्य आहे.

खाटेचा विमा आणि गोळीची अडचण

२०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत विमा योजना कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण देते असे अभिमानाने सांगितले जाते. ते संरक्षण मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर लागू होते. दाखल होण्यापूर्वीचे तीन आणि घरी गेल्यानंतरचे पंधरा दिवस एवढाच औषधांचा काळ त्यात धरला जातो. जो रोग पंधरा वर्षे रोज गोळी मागतो त्याला पंधरा दिवसांची तरतूद! रोगी गोळीअभावी खालावत जाऊन मोठे आतडे काढण्यापर्यंत वेळ आली की विमा धावून येणार. ती वेळ येऊ न देणाऱ्या गोळीसाठी त्याच्याकडे पैसा नाही. कामगार राज्य विमा योजनेत बाह्यरुग्णाला औषध मिळण्याची तरतूद आहे आणि ती मोलाची आहे, परंतु असंघटित कामगारांचा अफाट समुदाय तिच्या बाहेर आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून केला.

याला पर्याय आहे आणि तो देशातच आजमावला गेला आहे. तामिळनाडूने १९९४ मध्ये राज्याचे औषध खरेदी महामंडळ स्थापून घाऊक दराने औषधे घेण्याची आणि सरकारी दवाखान्यांतून ती पुरवण्याची व्यवस्था उभी केली. केरळने त्याच वाटेने जाऊन २००७ मध्ये आपले महामंडळ स्थापले. राजस्थानात २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना सुरू झाली. या व्यवस्थांत दीर्घ मुदतीच्या दाहविकारांची औषधे पुरेशा प्रमाणात आणि खंड न पडता आणणे हे आता पुढचे पाऊल असले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अॅडॅलिमुमॅबला आवश्यक औषधांच्या नमुना यादीत स्थान दिले. तेव्हा हे श्रीमंतांचे औषध आहे ही सबब उरलेली नाही.

मागण्या स्पष्ट आहेत. सल्फासॅलॅझिन, मेसॅलॅझिन आणि अझाथायोप्रिन जिल्हा रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागातून दरमहा मोफत आणि नियमित मिळाली पाहिजेत, त्यासोबत लागणाऱ्या रक्ततपासण्याही. समरूप प्रतिद्रव्यांची खरेदी राज्यांनी एकत्र येऊन करावी आणि किमतीवर सरकारी मर्यादा असावी. मोडकळीस आणलेल्या सार्वजनिक औषध कारखान्यांना नवी कामे द्यावीत. पेटंट कायद्यातील ३(ड) कलमाला व्यापार करारांच्या मागच्या दाराने हात लावू देऊ नये. कामगार संघटनांनी आणखी दोन गोष्टी आपल्या मागणीपत्रात घालाव्यात : रोग उसळलेल्या काळात नोकरी न गमावता रजा, आणि कामाच्या जागी पुरेशी, स्वच्छ शौचालये. दिवसातून दहा वेळा उठावे लागणाऱ्या माणसाला, त्यातही स्त्री कामगाराला, शौचालयाचा अभाव हा कामावरून काढून टाकण्याचाच हुकूम असतो.

स्वार्ट्झ, आझाद खान, मिलस्टाईन यांनी आपले काम केले. रोगाचे मूळ कारण अजून पूर्ण उलगडायचे आहे आणि ते काम शास्त्रज्ञ पुढे नेतील. परंतु जे साठ वर्षांपूर्वीच ठाऊक झाले ते दर महिन्याला रोग्याच्या हाती पोहोचवणे हे प्रयोगशाळेचे काम नव्हे. ते राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे, आणि ते तिच्याकडून करवून घेण्याचे काम संघटित जनतेचे आहे.